आकाशातील फड : हौशी रेडिओच्या लहरींची वाटणी

(मेहरूण, जळगाव येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भूकंप झाला, महापूर आला, तारा तुटल्या आणि दूरध्वनी मुके झाले, की हौशी रेडिओचालक धावून येतात, हे आपण अनेकदा वाचले आहे. ऑगस्ट १९७९ मध्ये मोरवीचे धरण फुटले तेव्हा, सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीला भूकंप झाला तेव्हा, जानेवारी २००१ मध्ये कच्छ हादरले तेव्हा आणि डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात या मंडळींनी संदेशवहनाचा भार उचलला. ही कामगिरी गौरवास्पद आहेच. परंतु आजचा माझा विषय त्या कामगिरीच्या मुळाशी असलेला, काहीसा किचकट आणि म्हणून दुर्लक्षित असा आहे. या मंडळींना बोलावयास आकाशात जागा किती, आणि ती जागा ते आपसांत वाटून कशी घेतात, याविषयी मी चार शब्द सांगणार आहे. मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. तेव्हा जे मला समजले तेच आणि जसे समजले तसेच सांगेन.

प्रथम हौशी रेडिओ म्हणजे काय ते पाहू. आकाशवाणी केंद्रावरून एकजण बोलतो व लाखो लोक ऐकतात. हौशी रेडिओत प्रत्येक केंद्र बोलते आणि ऐकतेही. त्यासाठी केंद्र शासनाची परीक्षा द्यावी लागते, परवाना घ्यावा लागतो आणि प्रत्येक परवानाधारकास स्वतःचे संकेतनाम मिळते. आपल्याकडील बहुतेक संकेतनामांचा प्रारंभ ‘व्हीयू’ या अक्षरांनी होतो. दिवंगत पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक हौशी चालक होते. त्यांचे संकेतनाम ‘व्हीयू टू आरजी’ असे होते. पैसे मिळविण्यासाठी वा व्यापारासाठी हे माध्यम वापरता येत नाही. १९७८ साली केंद्र शासनाने या सेवेसाठी सविस्तर नियम केले आणि कोणी, किती शक्तीने, कोणत्या कंप्रतेवर बोलावे याची चौकट आखून दिली.

कंप्रता म्हणजे लहरीची दर सेकंदाची आंदोलने. ती किलोहर्ट्झमध्ये मोजतात. आपल्या घरातील जुन्या रेडिओवरील मध्यम लहरींचा पट्टा सोळाशे किलोहर्ट्झच्या आसपास संपतो. तेथून थोडे पुढे गेले की हौशी चालकांचा पहिला पट्टा लागतो, त्यास १६० मीटरचा पट्टा म्हणतात. भारतात तो १८२० ते १८६० किलोहर्ट्झ एवढा आहे. त्यानंतर ८० मीटरचा पट्टा, ३५०० ते ३७०० किलोहर्ट्झ, शिवाय ३८९० ते ३९०० ही एक छोटी पट्टी. त्यानंतर ४० मीटरचा, ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ. हौशी चालकांस याहून उच्च कंप्रतेचे अनेक पट्टे आहेत आणि त्यांत जागाही ऐसपैस आहे. पण माझा विषय या तीन खालच्या पट्ट्यांपुरता मर्यादित आहे. कारण अडचण येथेच आहे आणि आपल्या भागाचे हितही येथेच गुंतलेले आहे.

ते हित कसे, हे सातपुड्याकडे पाहिले म्हणजे कळते. पोलिसांच्या किंवा वनखात्याच्या हातातील लहान संच अति-उच्च कंप्रतेवर चालतात. त्यांच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की थांबतात. धडगाव किंवा मोलगीच्या दरीतून असा संच जळगावशी बोलू शकणार नाही. मध्ये डोंगरावर उंच ठिकाणी पुनःप्रक्षेपक असावा लागतो आणि वादळात तोच आधी बंद पडतो. खालच्या पट्ट्यांची गोष्ट वेगळी. एरियल जमिनीपासून फार उंच न बांधता बुटके ठेवले, तर लहर जवळजवळ सरळ वर जाते, आयनांबरावर आदळते आणि कारंज्याच्या पाण्यासारखी भोवतालच्या दोन-तीनशे किलोमीटरांत खाली उतरते. डोंगर मध्ये येण्याचा प्रश्नच उरत नाही. दिवसा हे काम बहुधा ४० मीटरवर होते. सूर्यास्तानंतर ८० मीटरवर जावे लागते, कारण दिवसा आयनांबराचा खालचा थर या लांब लहरी शोषून घेतो आणि रात्री तो थर विरतो. लागणारे साहित्य म्हणजे संच, मोटारीची बॅटरी आणि तांब्याची तार. ४० मीटरसाठी सुमारे २० मीटर लांबीची तार पुरते, ८० साठी सुमारे ४०, आणि १६० साठी सुमारे ७८ मीटर. एवढी तार ताणण्यास शहरातील गच्ची अपुरी पडते, पण मेहरूण तलावाच्या काठाला किंवा खेड्यातील शाळेच्या मैदानाला ती सहज मावते. १६० मीटरचा खरा बहर हिवाळ्याच्या लांब रात्री असतो, कारण पावसाळी विजांची खरखर तेव्हा नसते. म्हणजे मेहरूणच्या बोरांचा हंगाम तोच या पट्ट्याचा हंगाम, असे म्हणावयास हरकत नाही!

आता जागेचा हिशोब. १८२० पासून १८६० पर्यंत किती जागा झाली? अवघी ४० किलोहर्ट्झ. अमेरिकेत हाच पट्टा १८०० ते २००० म्हणजे २०० किलोहर्ट्झ रुंद आहे. आणि या चाळीसांत बोलण्याच्या पद्धती अनेक. मोर्सच्या कड-कट्ट संकेतांना फार थोडी रुंदी लागते. दोन संभाषणांमध्ये अर्धा किलोहर्ट्झ अंतर ठेवले तरी पुष्कळ झाले. मनुष्याचा आवाज मात्र रुंद असतो. जुन्या पद्धतीने, म्हणजे आकाशवाणीच्या मध्यम लहरींप्रमाणे, आवाज पाठविला तर सुमारे सहा किलोहर्ट्झ व्यापतात. त्या पद्धतीत आवाजाच्या एकसारख्या दोन बाजू आणि मधली वाहक लहर असे सारेच पाठविले जाते. पुढे असे लक्षात आले की एक बाजू आणि वाहक लहर गाळून उरलेली एकच बाजू पाठविली तरी शब्द कळतात. या एकपार्श्व पद्धतीस तीन किलोहर्ट्झहून थोडे कमीच लागतात. १९५० नंतरच्या काळात ही पद्धत पसरली तेव्हा जुन्या मंडळींनी नाके मुरडली. आवाज बदकासारखा येतो, अशी तक्रार होती. ज्याच्या संचावर ती नीट लावता येत नसे त्याला तो खरोखर तसाच ऐकू येई. परंतु निम्म्या जागेत काम होते, या एका गोष्टीने वादाचा निकाल लावला.

आज तशीच नवी कुरबूर संगणकी पद्धतींवरून चालू आहे. पल्सार ताऱ्यांवरील संशोधनाबद्दल १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ टेलर हे स्वतः हौशी रेडिओचालक आहेत. त्यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्या सहकार्याने २०१७ साली ‘एफटी-८’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. हिच्यात संगणक पंधरा सेकंदांच्या ठरावीक पाळीने एकदा पाठवितो व एकदा ऐकतो. एका संदेशाची रुंदी केवळ ५० हर्ट्झ, म्हणजे एका आवाजाच्या जागेत असे पन्नास-साठ संदेश शेजारी-शेजारी बसतात. कानाला काहीच ऐकू येत नाही अशा क्षीण लहरीतूनही संगणक संदेश ओळखतो. ज्याच्या घरी गच्ची लहान, तार आखूड आणि शेजारी विजेच्या दिव्यांची खरखर, अशा शहरी चालकास ही पद्धत वरदान वाटली यात नवल नाही. थोड्याच वर्षांत जगभर हिचा वापर प्रचंड वाढला.

मग कुरबूर कशाची? पाहा. साधारण संकेत असा, की १६० मीटरच्या पट्ट्यात १८४० च्या खाली मोर्स व अरुंद पद्धती, आणि वर आवाज. एफटी-८ साठी जगभर रूढ झालेली जागा १८४० पासून तीन किलोहर्ट्झ, म्हणजे १८४३ पर्यंत. अमेरिकेतील चालकास याचे काही वाटत नाही, त्याला वर २००० पर्यंत मोकळे रान आहे. आपल्याला मात्र १८६० पाशी कुंपण. वीसातून तीन गेले, उरले सतरा. एका आवाजास तीन धरले, तर पाच संभाषणे झाली. रात्री या लहरी शेकडो मैल जातात. म्हणजे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत अवघ्या देशासाठी एका वेळी पाचच! सहावा कोठे जाणार? तो एक तर मोर्सच्या भागात उतरतो, नाहीतर कोणाच्या तरी अंगावर चढतो.

त्यातून आणखी एक बारकावा आहे, आणि तो माहीत नसल्याने निष्कारण भांडणे होतात. खालच्या पट्ट्यांवर आवाज पाठविताना खालची बाजू पाठविण्याची रीत आहे. संचाच्या काट्यावर १८४३ दिसत असले, तर आवाज प्रत्यक्षात १८४३ पासून खाली १८४० पर्यंत पसरलेला असतो. संगणकी पद्धतीत मात्र वरची बाजू वापरतात. तेथे काट्यावर १८४० दिसते आणि संदेश त्याच्या वर १८४३ पर्यंत असतात. दोघांचे आकडे निराळे, दोघेही प्रामाणिक, आणि दोघेही नेमके एकाच जागेवर! बोलणारा म्हणतो, या यंत्रांच्या शिट्ट्यांनी जीव नकोसा केला. संगणकवाला म्हणतो, हा कोण माझ्या साठ संदेशांवर ओरडतो आहे. ४० मीटरवर हेच ७०७४ ते ७०७७ या जागेत घडते. तेथे आवाज लावणाऱ्याने काटा ७०८० च्या खाली आणला की त्याची खालची बाजू संगणकांच्या जागेत शिरू लागते.

या ७०८० वरून एक ऐतिहासिक आठवण होते. ती थोडी आडवाटेची असली तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील हौशी परवाने रद्द केले होते. तरीही १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, आणि त्याच्या उभारणीत नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओतज्ज्ञाचे ज्ञान उपयोगी पडले. हे केंद्र ४२.३४ मीटरवर बोलत असे. हिशोब केला तर ही कंप्रता सुमारे ७०८० किलोहर्ट्झ येते, म्हणजे हौशी चालकांच्या ४० मीटर पट्ट्यातच. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी ते पकडले आणि उषाताईंना चार वर्षांचा कारावास झाला. ज्या जागेवरून आज आपण काट्याच्या दोन-तीन किलोहर्ट्झसाठी वाद घालतो, त्याच जागेवर बोलण्यासाठी ही माणसे तुरुंगात गेली.

असो. मूळ प्रश्नाकडे येऊ. ही वाटणी ठरविते कोण? देशादेशांमधील मोठी वाटणी आंतरराष्ट्रीय करारांनी होते. १९२७ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेने हौशी सेवेस आज परिचित असलेले प्रमुख पट्टे प्रथम नेमून दिले. पुढे ४० मीटरचा वरचा भाग आपल्या बाजूच्या जगात ध्वनिक्षेपण केंद्रांकडे गेला. २००३ च्या जागतिक परिषदेत तो वाद मिटला आणि २९ मार्च २००९ पासून ७१०० ते ७२०० ही जागा ध्वनिक्षेपकांनी सोडावी असे ठरले. अशा वाटण्यांना कायद्याचे बळ असते. परंतु हौशी पट्ट्याच्या आत मोर्स कोठे, आवाज कोठे आणि संगणक कोठे, हे पुष्कळसे आपसांतील समजुतीवर सोडलेले असते. हौशी संघटनांची आंतरराष्ट्रीय संस्था त्यासाठी विभागवार आराखडे करते; भारत तिसऱ्या विभागात मोडतो. आराखडा मोडला म्हणून सहसा कोणी शिपाई दारात येत नाही.

शिपाई नसता वाटणी कशी टिकेल, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. इतरांना तो पडो, खानदेशकरांना पडू नये! पांझरेच्या, कानच्या आणि पलीकडे मोसम-आरमच्या काठी शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धत आपणांस ठाऊक आहे. बंधाऱ्याखालील जमीन फडांत विभागलेली असते. एका फडात एकच पीक, म्हणजे उसाला लागणारे भरपूर पाणी शेजारच्या हरभऱ्याच्या मुळांत जाऊन त्याचा नाश होत नाही. पाटकरी ठरल्याप्रमाणे पाणी देतो, जागल्या राखण करतो, आणि टंचाईच्या वर्षी भिजणारे क्षेत्रच कमी केले जाते. हे सारे शेतकऱ्यांनी आपसांत ठरविलेले. हौशी रेडिओचा आराखडा यापेक्षा काही वेगळा नाही. आवाज म्हणजे ऊस, त्याला जागा फार लागते. मोर्स म्हणजे हरभरा. आणि संगणकी पद्धत म्हणजे वाफ्यात दाट पेरलेली मेथी म्हणा. जागा थोडी, पण ती वाफ्याबाहेर पसरू लागली की बाकीच्या पिकांची पंचाईत.

आता माझे मत विचाराल तर मी दोन्ही बाजूंना थोडा दोष देईन. संगणकी संदेशांना ‘यंत्रांचा गोंगाट’ म्हणून हिणवणे मला मान्य नाही. कोणता मार्ग या घटकेस उघडा आहे, नाशिकचे ऐकू येते की नाही, हे त्या संदेशांवरून क्षणात कळते आणि आपत्तीच्या आधी ही माहिती मोलाची असते. परंतु त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एफटी-८ च्या एका संदेशात मोकळा मजकूर तेरा अक्षरांहून अधिक मावत नाही. संकेतनाम, ठिकाण आणि लहर किती जोरकस आली याचा आकडा, एवढ्यासाठीच ती पद्धत घडविलेली आहे. ‘पुलाच्या पलीकडे तीन गरोदर बाया अडकल्या आहेत, होडी उत्तरेकडून आणा’ हे त्या पद्धतीने सांगणे दुरापास्त. ते मनुष्याच्या आवाजानेच सांगावे लागते, किंवा आवाज पोहोचत नसेल तेव्हा मोर्सने. मोर्स शिकणारे कमी होत चालले आहेत हीही चिंतेची बाब होय. क्षीण शक्तीवर, फुटक्या एरियलवर, विजेच्या कडकडाटातही शिकलेला कान ते संकेत वेचून काढतो. म्हणून दाट पेरणीच्या सोयीने आवाजाचा फड आक्रसू देता कामा नये, विशेषतः आपल्यासारख्या देशात, जेथे मुळातच चाळीस किलोहर्ट्झचे रान आहे.

आणि सर्वांना लागू असा एक जुना शिष्टाचार आहे : बोलण्यापूर्वी ऐकावे. मिनिटभर ऐकून जागा रिकामी वाटली, तरी ‘ही जागा वापरात आहे काय?’ असे विचारून मगच प्रारंभ करावा. कारण समोरचा बोलतो आहे तो आपणास ऐकू येत नसेल, पण त्याचा श्रोता आपल्या शेजारीच असू शकेल. संगणकावर हे सहज विसरले जाते. यंत्र आपले पंधरा सेकंद झाले की पाठवू लागते. शनिवार-रविवारी जागतिक स्पर्धा असतात तेव्हा तर हा शिष्टाचार पार धुऊन निघतो आणि नवखा माणूस घाबरून संचच बंद करतो.

शिक्षक मित्रांना एक सांगावेसे वाटते. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास परवान्याची परीक्षा देता येते. शाळेत मंडळ काढले तर संच आणि तार यांच्या आधी वाटणीचा हा नकाशा भिंतीवर लावा. परीक्षेतील विद्युत्‌शास्त्राची उत्तरे मुले पाठ करतात. १८४३ वर लावलेला आवाज नेमका कोठे पसरतो, हे मात्र त्यांना कागदावर पट्टी आखून दाखवावे लागते.

पंचायत सदस्यांकडे आणि अधिकारी मित्रांकडे माझी सूचना अगदी व्यवहाराची आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्याचा आराखडा असतो. त्यात नुसते ‘हौशी रेडिओची मदत घ्यावी’ एवढे वाक्य लिहून काही साधत नाही. त्यापुढे कंप्रता, पद्धत आणि वेळ लिहावी. हौशी संघटनांनी आपल्या विभागासाठी आपत्कालीन कामाची केंद्रे म्हणून ३६००, ७११० व १४३०० किलोहर्ट्झ या जागा सुचविल्या आहेत. तेव्हा आपल्या गावासाठी दिवसा ७११०, अंधार पडल्यावर ३६००, दोन्ही ठिकाणी खालच्या बाजूचा आवाज, असे स्पष्ट नोंदवता येईल. तालुक्यात परवानाधारक कोण आहेत हे पाहून त्यांच्याशी आधीच बोलावे, त्यांच्या सल्ल्याने तार कोणत्या शाळेच्या मैदानावर ताणायची ते ठरवावे, आणि वर्षातून एकदा, वळिवाच्या आधी, बॅटरीवर प्रत्यक्ष बोलून पाहावे. त्या दिवशी ७११० वर कोणी दुसरे बोलत असतील तर त्यांना तासाभरासाठी जागा सोडण्याची विनंती करावी. अशी विनंती हौशी मंडळी सहसा नाकारत नाहीत.